डोनलच्या यादीत नसलेलं पाचवं खोकं

मी आयर्लंड पाहिलेलं नाही. ते इंग्लंडच्या डावीकडे की उजवीकडे, हे सांगायच्या आधी मला आजही हवेत हात करून बघावा लागतो आणि आमचे हे त्यावर हसतात. पण एखाद्या आयरिश माणसाला परदेशातली नोकरी संपवून कायमचं घरी परत जायचं असेल, तर कुठला कागद आधी काढायचा, कुठला नंतर, गाडी विकताना विमा कंपनीकडून कुठलं पत्र मागून घ्यायचं आणि मांजर न्यायचं असेल तर किती महिने आधी तयारीला लागायचं, हे त्याने मला विचारावं. मी मूळची सांगलीची. वीसहून जास्त वर्षं मी मस्कतमध्ये बसून आयरिश लोकांना आयर्लंडला पोचवत होते. हा धंदा मी ठरवून निवडला नव्हता, पण मला तो छान जमला, हे सांगायला मी लाजणार नाही.

आम्ही मस्कतला आलो तेव्हा हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. अल् घुब्रामध्ये भाड्याचा फ्लॅट, मुलं इंडियन स्कूलमध्ये आणि दिवसभर मी एकटी. जवळच्या एका ऑफिसात टायपिंग येणारी बाई हवी आहे असं कळलं, म्हणून गेले. परदेशी लोकांचं घरसामान बांधून त्यांच्या त्यांच्या देशी पाठवणारी ती कंपनी होती. मालक ओमानी. त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, म्हणजे मालकच. अर्बाब मोठ्या मनाचा माणूस. कुठल्याही ग्राहकाला ते नाही म्हणत नसत. कोणी कसलीही अडचण सांगितली की ते हात पसरून म्हणायचे, "माफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. त्यांनी असं म्हटलं की ती अडचण उचलून माझ्या टेबलावर येऊन बसायची.

आयरिश लोक माझ्या वाट्याला आले ते एका नर्सबाईंमुळे. त्यांच्या सामानाची यादी मी इतकी बारकाईने केली, की त्यांनी ती तिथल्या सगळ्या आयरिश मंडळींना दाखवली. या लोकांचं एक असतं. एकाला चांगला वाटलेला दंतवैद्य पंधरा दिवसांत सगळ्यांचा दंतवैद्य होतो. नर्सेस, शिक्षक, इंजिनियर असे कितीतरी आयरिश ओमानमध्ये होते आणि हळूहळू परत जाणारा प्रत्येक जण माझ्या टेबलापाशी यायला लागला. मला ते परके वाटलेच नाहीत. दोन आयरिश माणसं भेटली की आधी एकमेकांचं गाव विचारतात आणि ओळखीचा कोणी मधे सापडेपर्यंत कामाचं बोलत नाहीत. आणि प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं असायचं. अजून दोन वर्षं, मग घरी. आमच्या बिल्डिंगमधले सगळे मराठी लोकही हेच म्हणायचे. त्यांतले बरेचसे अजून तिथेच आहेत.

आता या कामात असतं काय, ते सांगते. कायमचं परत जाणाऱ्याला आपलं वापरातलं घरसामान करमाफीत नेता येतं. अट एवढीच, की ते खरंच वापरातलं हवं. त्यामुळे आमच्याकडे जुन्या वस्तूचा मान मोठा. किटलीला पोचा असला तर मी यादीत तो पोचासुद्धा लिहायची. नवी कोरी वस्तू दिसली की माझ्या कपाळाला आठी. शिवाय माणूस इथून खरंच गेला याचे पुरावे लागतात आणि तिथे खरंच राहणार याचेही. हे दुसरं प्रकरण फार गमतीचं. बँकवाले म्हणतात, पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल आणा. विजेवाले म्हणतात, बँकेचा खाते क्रमांक आणा. आपल्याच देशात परत गेलेला माणूस पहिले दोन महिने या दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालतो. त्यावर उपाय एकच. तिथल्या कोणीतरी लिहून द्यायचं, की हा माणूस माझ्या घरी राहणार आहे. म्हणून माझ्या चार पानी यादीत शेवटचा रकाना होता 'घेणारा'. सामान कोण उतरवून घेणार, त्याचं नाव आणि पत्ता. तो रकाना रिकामा असेल तर मी फाइल पुढे सरकवत नसे.

मांजराचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओर्ला नावाची एक शिक्षिका होती. अल मवालेहच्या भाजीबाजारात टोमॅटोच्या क्रेटखाली तिला एक पिल्लू सापडलं आणि तिने ते पाळलं. तिचा करार संपला तेव्हा ती म्हणाली, मांजर माझ्याबरोबर येणार. मांजराचे कागद माणसापेक्षा जास्त असतात. आधी कातडीखाली चिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिने नुसतं थांबायचं. ओर्लाला फ्लॅट सोडायचा होता. अर्बाब म्हणाले, "माफी मुश्किल," आणि मांजर आमच्या घरी आलं.

आमचे हे म्हणाले, "हे मांजर या घरात आलं तर मी घराबाहेर जाईन." आठवड्याने हे त्याला दहीभात भरवत होते. ओर्लाने त्याचं नाव पर्ल ठेवलं होतं, यांनी चिंगी ठेवलं. तीन महिन्यांनी चिंगी विमानाने आयर्लंडला गेली आणि तिथे जाऊन पलंगाखाली शिरली, ती बाहेरच येईना. दोन दिवसांनी ओर्लाचा फोन. रडवेली होऊन म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना जरा तिच्याशी बोलायला सांगाल का?" मी यांच्या हातात फोन दिला. हे खुर्चीत सरळ बसले, खाकरले आणि म्हणाले, "चिंगे, चल गं बाई, जेवून घे." पलीकडे ओर्ला ओरडली, आली, आली. मग रोज संध्याकाळी हे फोनवर चिंगीला जेवायला बोलावत. पंधरा दिवसांनी त्याची गरज उरली नाही, तेव्हा मांजरापेक्षा यांनाच जास्त सुनं सुनं झालं.

आता डोनलकडे येते.

मिस्टर डोनल सोहारला एका कारखान्यात इंजिनियर होते. सोहार म्हणजे बंदर, भट्ट्या आणि धूर. तिथे तीस वर्षं काढलेला हा उंच, वाळलेला, लाल कानांचा माणूस. बोलणं कमी आणि जे बोलतील ते तिरकस. निवृत्त झाले होते, व्हिसा दोन महिन्यांत संपणार होता. ओमानमध्ये राहता येणार नव्हतं आणि जायचं तर आयर्लंडलाच. ते माझ्यासमोर बसले आणि मी नेहमीसारखी यादी भरायला घेतली. शेवटच्या रकान्यापाशी आले.

"घेणारा कोण?"

"डब्लिन बंदर," ते म्हणाले.

"मिस्टर डोनल, बंदर हा माणूस नाही. माझ्या यादीत तिथे माणसाचं नाव लागतं."

"मग तुमची यादी चुकीची आहे," असं म्हणून ते उठून गेले. सोहारला, म्हणजे दोन-अडीच तास. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी चहा मागवला आणि फाइल बंद करून ठेवली. मला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे आणि या नोकरीत मला त्याचा पगारही मिळायचा. अर्ध्या तासाने त्यांनी सांगितलं. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला एक खेडं आहे. तिथे घर आहे. घरात धाकटी बहीण राहते, ब्रायडी. एकटीच. अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. आई आजारी होती तेव्हा ब्रायडीने तीन वेळा बोलावलं आणि हे तीनही वेळा म्हणाले, भट्टीचं काम संपलं की पुढच्या महिन्यात येतो. पोचले तेव्हा आईला पुरून चार दिवस झाले होते. ब्रायडीने चहा दिला, केक दिला आणि म्हणाली, आता या घरात तुझं काही काम उरलेलं नाही.

"दुसरं कोणी?" मी विचारलं.

"माणूस म्हणजे? नाही."

अर्बाब दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी हात पसरायच्या आत मी म्हटलं, "अर्बाब, यह मुश्किल है." आयुष्यात पहिल्यांदा ते काही न बोलता परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ब्रायडीला फोन लावला. डोनलना विचारलं नव्हतं, नंबर त्यांच्या फाइलीतल्या जुन्या कागदांत सापडला. पलीकडून 'हॅलो' आलं आणि मी खुर्चीत सरळ बसले, कारण तो अगदी आमच्या आक्काचा सूर होता.

आक्का माझी थोरली बहीण. सांगलीला असते. त्याच्या चार वर्षं आधी तिच्या मुलीच्या लग्नाला मी मस्कतहून गेले होते आणि मे महिन्याचा उकाडा सोसेना म्हणून एसी हॉटेलात उतरले. आक्काने माझ्यासाठी कापूस पिंजून घेऊन दोन नव्या गाद्या भरल्या होत्या, हे मला कोणीतरी मांडवात सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं वर्षातून एकदा, दिवाळीला, स्पीकर लावून, सगळ्यांच्या देखत. त्यामुळे अबोला धरलेल्या बहिणीचा आवाज कसा असतो, हे मला ठाऊक होतं.

"तो आजारी आहे का?" ब्रायडीने विचारलं.

"नाही."

"पितो का?"

"बेताने."

"मग त्याला तोंड नाही का?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी डोनलना पत्र लिहायला बसवलं. त्यांनी लिहिलेलं पत्र मी जपून ठेवायला हवं होतं. वर लिहिलं होतं, 'विषय: राहण्याची सोय.' खाली क्रमांक घालून तीन मुद्दे. मी म्हटलं, "मिस्टर डोनल, हे टेंडर आहे. बहिणीला पत्र लिहा." ते रागावून गेले. चार दिवसांनी एक बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. आत काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी ते पाकीट दिव्यासमोर धरून पाहिलं होतं हे प्रामाणिकपणे सांगते. टपालाला वेळ नव्हता. सुट्टीवर निघालेल्या एका नर्सच्या पर्समधून ते गेलं. जाणाऱ्याच्या हाती चीजवस्तू धाडायची पद्धत आपल्यासारखीच त्यांच्यातही आहे.

आठवड्याने ब्रायडीनेच ऑफिसात फोन केला. म्हणाली, "खोकी येऊ देत. त्याचं मी बघते."

म्हणजे सामानाला परवानगी मिळाली होती, माणसाचा अर्ज विचाराधीन होता. पण मला रकान्यात नाव मिळालं. मी ताबडतोब 'ब्रायडी' लिहिलं. सामान फार नव्हतंच. चार खोकी, ती विमानाने आधी जाणार होती. खोकी बांधायला इस्माईलभाईंना सोहारला पाठवलं.

इस्माईलभाई श्रीवर्धनकडचे. आमच्याकडचे मुख्य पॅकर. काचेचं झुंबर असो की पियानो, त्यांनी बांधलेलं सामान कुठेही फुटलं नाही. माझी यादी आणि त्यांची बांधणी यावर ती कंपनी चालायची. त्यांची एक खोड होती. बांधता बांधता ग्राहकाशी गप्पा मारायच्या. हिंदी, अरबी आणि दहा-बारा इंग्रजी शब्द यांवर ते कोणालाही बोलतं करायचे. मिस्टर डोनलनाही त्यांनी दिवसभर बोलतं केलं, हे मला नंतर कळलं.

खोकी गेली. पाच दिवसांनी आमच्या तिथल्या एजंटचा मेल आला. यादीत चार नग, कार्गोच्या पावतीवर पाच. पाचवं खोकं काथ्याच्या दोरीने बांधलेलं, चारही बाजूंना मार्करने मोठ्या अक्षरात डोनलचं नाव आणि गाव. आत सगळ्या नव्या वस्तू. वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट एक. अत्तराच्या बाटल्या दोन. टॉर्च एक. खजुराचे डबे, वेदनाशामक बामच्या बाटल्या सहा. आणि एका डब्यात तपकिरी रंगाचा चिकट, चकाकणारा पदार्थ, त्याचा उपयोग कृपया कळवावा.

तो ओमानी हलवा होता. त्याचा उपयोग काय कळवणार?

मी इस्माईलभाईंना समोर उभं केलं. माझ्या यादीत कधी चमचा कमीजास्त झाला नव्हता. आता कस्टमने सगळंच सामान अडकवलं होतं. डोनलचं तिकीट दहा दिवसांवर आलं होतं आणि जिने मोठ्या मुश्किलीने खोकी येऊ दे म्हटलं, तिच्या दारात खोकी जायच्या ऐवजी सरकारी चौकशी जाणार होती.

"हे कोणी भरलं?"

"मी भरलां."

"कोणाला विचारून?"

इस्माईलभाई जरासुद्धा ओशाळले नाहीत. "वैनी, तीस वरसांनी मानूस घरा चाललाय. त्याच्या चार खोक्यांत काय, तं पुस्तकां, जुनी बूटां नी एक मोडका रेडियो. बहीन दारात उभी र्‍हाईल. तिच्या हातात काय ठेवनार तो? रेडियो?"

"अहो, त्यांच्यात तशी पद्धत नाही."

"बहिनी सगल्यांच्यात असतात."

ते पुढच्या आठवड्यात स्वतः सुट्टीवर श्रीवर्धनला जाणार होते. घरच्यांसाठी वर्षभर जमवलेल्या वस्तूंतून त्यांनी ते खोकं भरलं होतं. गल्फमधून घरी जाणाऱ्याचं खोकं कसं असतं, ते आपल्याकडे लहान मूलही सांगेल. दोरीने आवळलेलं, वर नाव आणि आत प्रत्येकासाठी काहीतरी. डोनलना तसं खोकं नाही, याची इस्माईलभाईंना त्यांच्या वतीने लाज वाटली होती. मी त्यांना खूप बोलले. कायदा सांगितला, नव्या वस्तूंवरचा कर सांगितला, हलव्यात तूप आहे आणि तूप म्हणजे दुधाचा पदार्थ, तो तिथे नेताच येत नाही हेही सांगितलं. शेवटच्या मुद्द्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "हलवा फेकतील?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

मग मी डोनलना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वाघ?"

"हो. सगळ्या ब्लँकेटभर."

"संपलं मग," ते म्हणाले. "हॉटेल बघा एखादं."

एजंटने सांगितलं, एकच मार्ग आहे. भेटवस्तू घरच्यांसाठी आहेत आणि सामानाचा मालक कायमचा याच पत्त्यावर राहायला येणार आहे, असं घेणाऱ्या बाईंनी सहीनिशी लिहून द्यायचं. म्हणजे डोनलना पत्र लिहूनही जे विचारता आलं नसेल, आणि ब्रायडीने 'बघते' म्हणून जे टाळलं होतं, तेच आता फॉर्मवर छापून तिच्यासमोर जाणार होतं. तुमचा भाऊ तुमच्याकडे राहणार आहे काय? होय किंवा नाही. तो फॉर्म मीच पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"त्या कस्टमवाल्याने मला फोनवर सगळी यादी वाचून दाखवली," ब्रायडी म्हणाली. "प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली आहे म्हणे. अत्तर, चर्चचे फादर. टॉर्च, पोस्टमन. बाम, शेजारीण, गुडघे." मग तिने विचारलं, "वाघावर काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"बहीण."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे त्याने भरलं का?"

आता मी काय सांगावं? हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण यादीच्या बाबतीत मी कधी खोटं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "नाही. भरलं आमच्या पॅकरने. आमच्याकडे माणूस घरी निघाला की असंच खोकं भरतात. पण पॅकरला तुमच्या गावातलं कोणी ठाऊक नाही. नावं सगळी तुमच्या भावाने सांगितली. शेजारणीचे गुडघेसुद्धा."

मग ती म्हणाली, "तो पोस्टमन वारला. सहा वर्षं झाली."

"मला वाईट वाटतं."

"टॉर्च मी वापरीन." आणि पुढे म्हणाली, "त्याला सांगा, मागच्या खोलीला ओल आहे. शेगडी त्यालाच बसवावी लागेल. मी काही करणार नाही."

त्या दिवशी संध्याकाळी तिच्या सहीचा फॉर्म आला. 'होय' वर तिने इतक्या जोरात खूण केली होती, की कागद फाटला होता.

डोनल निघायच्या दिवशी ऑफिसात आले. अर्बाबनी त्यांना कॉफी पाजली. इस्माईलभाई सुट्टी दोन दिवस पुढे ढकलून थांबले होते. डोनल त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांचे कान नेहमीपेक्षा लाल झाले होते. "ते ब्लँकेट," ते म्हणाले, "मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात भयंकर वस्तू असणार." मग त्यांनी इस्माईलभाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इस्माईलभाई म्हणाले, "यल्ला, सायब, फ्लाईट जाईल." मी खिडकीतून बाहेर बघत होते. माझे डोळे भरून आले होते, ते कोणाला दिसू नयेत एवढ्यासाठी.

पुढे डोनलचं एक कार्ड आलं. शेगडी बसवली. हलवा जप्त झाला. ब्लँकेट ब्रायडीच्या खुर्चीवर असतं, ती त्याला रोज नावं ठेवते आणि दुसऱ्या कोणाला त्यावर बसू देत नाही. इस्माईलभाईंना मी कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी फक्त हलव्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

गेल्या वर्षी यांची नोकरी संपली आणि आमची परत यायची वेळ आली. मुलं दोघंही बाहेरदेशी. आम्ही सांगलीत एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. शेवटची यादी मी माझ्याच सामानाची केली आणि फार सुंदर केली. कुकरची सैल झालेली शिट्टीसुद्धा लिहिली. इस्माईलभाई खोकी बांधायला घरी आले. म्हातारे झाले होते, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. बांधणी संपल्यावर त्यांनी यादी मागितली, चष्मा लावला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"वैनी, हां काय लिवलाव?"

'घेणारा' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'सोसायटीचा वॉचमन'.

"अहो, तो चोवीस तास असतो तिथे," मी म्हटलं. "त्याच्याकडे किल्ली आहे."

"डोनलसायबाला तुमी काय बोल्ला व्हताव?"

मला आठवत होतं, बंदर हा माणूस नाही. हे सोफ्यावरून माझ्याकडे बघत होते. इस्माईलभाई बाहेर गेले आणि व्हॅनमधून एक रिकामं खोकं घेऊन आले. खोलीच्या मधोमध ठेवलं. खिशातून मार्कर काढला, कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि खाली मांडी घालून बसले.

"सांगा," ते म्हणाले. "घरा कोन कोन हाय?"

इतकी वर्षं मी लोकांना चार पानं भरून प्रश्न विचारत आले. हा एवढा प्रश्न माझ्या यादीत कधी नव्हता. मी पाणी पिऊन आले. मग म्हटलं, "आक्का."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. "तिला काय?"

"ब्लँकेट."

"वाघाचां?"

"वाघाचंच," मी म्हटलं.

ते चिठ्ठ्या लिहीत असताना मी फोन घेऊन गॅलरीत गेले आणि स्पीकर न लावता आक्काचा नंबर लावला. दिवाळी नव्हती, त्यामुळे तिने घाबरूनच उचलला. मी म्हटलं, "आक्का, आम्ही येतोय. कायमचं." आणि लगेच विचारलं, "त्या दोन गाद्या आहेत का गं अजून?"

आक्का म्हणाली, "आहेत. उन्हात घालायला हव्यात."